हुस्तिनाची तीन पानं

हुस्तिनाचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. बत्तीस वर्षं ती डोंगरावर बटाटे सुकवत होती. रात्रभर हिवात गोठवायचे, सकाळी अनवाणी तुडवून पाणी काढायचं, मग उन्हात पसरायचे. ढगांनी तिला इतक्यांदा फसवलं होतं, की लख्ख ऊन पडलं तरी ती आधी चारी बाजूंचं आभाळ बघून घेई.

त्यामुळे तायता रुफिनोला इंतीचा, म्हणजे सूर्यबाप्पाचा, साक्षात्कार झालाय हे अख्ख्या गावानं मानलं, तरी हिनं मानलं नाही.

गाव ज्याला आदरानं तायता, म्हणजे बाबा, म्हणे तो रुफिनो चार महिने बर्फाच्या शिखराखाली एकटा राहून आला होता. आता रोज सकाळी चौथऱ्यावर उभा राहून तो उगवत्या सूर्याकडे टक लावून बघे. पापणी लवत नसे. "मला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही," म्हणे. बाया हात जोडत. उद्या सणाच्या पहाटे गावातल्या तीन मुली त्याच्याशेजारी उभ्या राहून सूर्य डोळ्यांवाटे अंगात घेणार होत्या. त्यांतली एक हुस्तिनाची नाइदा.

"किती वेळ बघायचं म्हणे?" बटाटे तुडवता तुडवता हुस्तिनानं विचारलं.

"तो डोंगर सोडून वर येईपर्यंत. डोळे मिटायचे नाहीत."

"आणि डोळे गेले म्हणजे?"

"आई, तुला सगळ्यांतच खोट दिसते. आपला गोठ्यातला लामासुद्धा तुला बघून मान खाली घालतो."

"त्याला माहीत असतं, त्यानं कुणाचं शेत खाल्लंय ते."

नाइदा हसली नाही. तीन दिवस मीठ-मिरचीविना काढून पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं, पण हट्ट शाबूत होता.

हुस्तिनाच्या मनात वेगळंच घोळत होतं. परवा मक्याची दारू पिण्याआधी रुफिनोनं रिवाजाप्रमाणे चार थेंब धरतीला वाहिले, ते त्याच्याच पायावर पडले. त्याला शिखराखालून उतरवून आणणारा त्याचा मेहुणा तेव्हापासून सदानकदा त्याचा दंड धरून चालायचा. लोक म्हणत, ज्ञानी माणसाचं जमिनीकडे लक्ष नसतं.

दुपारी मेहुणा झऱ्यावर गेलेला बघून ती रुफिनोच्या अंगणात गेली. कुणाकडे गेलं की चघळायच्या कोकाची तीन अखंड पानं, चकचकीत बाजू वर करून, दोन्ही हातांनी द्यायची. फाटकं पान देणं म्हणजे तोंडावर शिवी. शेंबडं पोरसुद्धा ते परत करील. हुस्तिनानं मधलं पान मुद्दाम उलटं ठेवलं होतं, तेही किडीनं अर्धं खाल्लेलं.

रुफिनोनं पानं आदरानं घेतली, शिखरांची नावं घेत त्यांवर फुंकर घातली आणि तोंडात टाकली.

"तायता, मधलं पान उलटं होतं. अर्धं किडीनं खाल्लेलं."

त्याचं चघळणं थांबलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"तिसऱ्या महिन्यापासून," तो म्हणाला. "बर्फावर आधी सगळं पांढरं झालं. मग पांढरंही गेलं. पण ऊन तोंडावर पडलं ना मामिता, की आत काहीतरी उजाडतं. ते खोटं नाही."

"नसेल. तुझं आतलं तू बघ. माझ्या पोरीचे डोळे बाहेर आहेत."

"गावात सांगशील?"

"उद्या तू काय सांगतोस, त्यावर आहे."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. रुफिनो ऐकेल, पण त्याला हाताला धरून चालवणारा मेहुणा ऐकू देईल का? पहाटे ती गर्दीत अगदी पुढे, नाइदाच्या शालीपर्यंत हात पोचेल अशी उभी राहिली. वेळ आलीच तर पोरीला ओढून खाली पाडायचं, हे ठरलेलं.

डोंगराची कड उजळली. रुफिनोनं हात वर केला. "पोरींनो, त्याच्याकडे पाठ करा. त्याला बघायला मी आहे. तो काय दाखवतो, ते तुम्ही बघा."

मेहुण्यानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. मुली वळल्या. समोरच्या उतारावर ऊन सरकत खाली आलं आणि पसरलेल्या बटाट्यांवर येऊन थांबलं. बाया म्हणाल्या, हा तर आणखी मोठा साक्षात्कार. नाइदा मात्र आईकडेच बघत होती, डोळ्यांत अंगार.

रुफिनो लाजेनं तसं बोलला, भीतीनं, की खरंच आत काही उजाडलं म्हणून, हे हुस्तिनाला ठरवता येईना. तिनं ते तसंच मनात बाजूला ठेवलं.

घरी जाताना नाइदा पुढे पुढे चालत राहिली. ओढ्यापाशी तेवढी थांबून तिनं आईची बाही ओढली. "खड्डा आहे."

खड्डा हुस्तिनाला केव्हाच दिसला होता. तरी तिनं पोरीला हात धरू दिला.