मधल्या रस्त्याचं दावं

गुरं वाहायची गाडी घेतली तेव्हा वाटलं होतं, गिऱ्हाईक मिळवणं अवघड जाईल. गिऱ्हाईक मिळालं. त्यांच्या रीती सांभाळता सांभाळता मात्र जीव मेटाकुटीला आला. अमावास्येला जनावर चढवायचं नाही. घरच्या बाईने ओवाळेपर्यंत गाडी हलवायची नाही, आणि ओवाळायचं तबक नेमकं तेव्हाच सापडत नाही. पाचोऱ्याच्या बाजाराला मी कायम उशिरा.

पण खरं डोकं उठवलं ते दाव्याने. आमच्याकडे बैल विकतात, त्याच्या गळ्यातलं दावं विकत नाहीत. त्याच्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणे. घेणाऱ्याने आपलं नवं आणायचं. पूर्वी तो दारात यायचा, तेव्हा ठीक होतं. आता सौदा मोबाइलवर होतो. विकणारा जुनं दावं घेऊन आपल्या घरी, घेणारा नवं घेऊन त्याच्या घरी, आणि मधला सगळा रस्ता माझा. मी माझं बांधतो म्हटलं तर दोघंही बिथरतात, तिसऱ्याचं दावं अपशकुनी!

शेजारच्या आबांनी त्यांचा उरलेला एकुलता बैल फैजपूरकडच्या एका केळीवाल्याला विकला. त्या भागातली माझी पहिली खेप. ही नीट झाली तर तिकडची कामं मिळणार होती, फसली तर तो रस्ताच बंद. मी आबांना विनवलं, दावं राहू द्या, मी परत आणून देतो.

"दावं घरनं ऱ्हास, भाऊ," दावं घरचंच राहतं, म्हणत त्यांनी बैलाला सुतळी बांधली. मी बैल चढवला. माझ्या बापानेही तेच केलं असतं.

केळीवाल्याच्या दारात गाडीचा मागचा फाळका उघडला, सुतळी तुटली आणि बैल थेट केळीत. दुपारपर्यंत आम्ही पाचसहा जण चिखल तुडवत होतो. तो कुणाला जवळ येऊ देईना. मोडलेले घड बघून केळीवाला म्हणाला, बैल नको आणि तुझी गाडीही इकडे नको. मग मी आबांना फोन लावला आणि वडीलधाऱ्याला बोलू नये ते सगळं बोललो.

आबा एसटीने आले. बांधावर उभं राहून त्यांनी पिशवीतून दावं काढलं. बैल आपणहून आला आणि त्याने मान खाली घातली. केळीवाल्याने नवं बांधल्यावर आबांनी जुनं सोडून पिशवीत ठेवलं. बैल निमूट उभा बघून केळीवाला निवळला, पुढच्या आठवड्यात एक गाय आणायला सांगितली.

परतताना आबा माझ्या शेजारी बसले होते. घर येईपर्यंत त्यांना सुनावायचं मी ठरवलंच होतं, आणि सुनावलंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बठ्ठं खरं शे तुनं. आते हाई दावं कोनले बांधू?"

गावात उतरताना त्यांनी पिशवी सीटवरच ठेवली. मी हाक मारली, ते वळले नाहीत.

तेव्हापासून गाडीत दावं आहे. दुसऱ्याच्या बैलाला ते बांधायचा मला धीर होत नाही. म्हणजे मी अजून सुतळीवरच.