डाग आत दुमडून

आत्याआजीची शाल माझ्या हातून खराब झाली.

तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी हे लिहायला नको होतं. पण नुसता फोटो टाकला असता तर खोटं वाटलं असतं.

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. नेवाशाच्या आमच्या घरात ऋतू बदलला की ट्रंक तीच भरायची, तीच उपसायची.
होळी झाली की गरम कपडे आत. दिवाळी झाली की बाहेर.
प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी. शाळेत जायच्या आधी मी त्या चिठ्ठ्यांवरच वाचायला शिकले. माझा पहिला ‘ट’ टोप्यांचा.

कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. आठ दिवस सावलीत वाळवलेला. मग ती एकेक मूठ कानाशी धरून चुरायची.

"वाजला न्हाई, तर आत न्हाई."

मी एकदा हसले. "पाल्याची परीक्षा घेतेस का गं?"

तेव्हा तिनं सांगितलं.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. कंट्रोलचे दिवस, कापड रेशन कार्डावर. तिच्या थोरल्या बहिणीच्या, गोदाक्काच्या लग्नाचं पिवळं लुगडं कसंबसं मिळालेलं. लग्न दिवाळीनंतर.
त्या होळीला ट्रंक भरायचं काम पहिल्यांदाच आत्याआजीकडे आलं. वय वर्षं नऊ.

रंगपंचमी खेळायला जायची घाई.
वरचा पाला वाळला होता. खालचा ओला होता.
हिनं सगळाच कोंबला.

दिवाळी झाल्यावर ट्रंक उघडली. लुगड्यावर तळहाताएवढा काळपट डाग.
रिठ्यानं धुतलं. उन्हात घातलं. जाईना.
त्यांच्या आईनं कपाळाला हात लावला. दुसरं आणणार कुठून?

ही धान्याच्या कणगीमागं लपली. गोदाक्कानं दंडाला धरून बाहेर ओढलं.

"रडती कशाला? निऱ्यांत जातंय की त्ये. धर टोक. तूच दुमड."

"अन् दाजींना दिसलं तर?"

"त्ये माझं तोंड बघत्याल का निऱ्या मोजत्याल?"

हे सांगताना आत्याआजी हसायची. पण पाल्याची मूठ सोडायची नाही.

यंदा होळीनंतर ट्रंक मी भरली. तिच्याशिवाय पहिल्यांदाच.
पुण्याची बस गाठायची होती. पाला वाजवून बघितला. वरचाच.

बसमध्ये बसले आणि तळाचा पाला आठवला.
मग आठ महिने तेच. बाबांना फोन करून म्हणावं, एकदा उघडून बघा. नाही केला. बघितलं असतं तर कळलं असतं, त्याचीच भीती.

आज सकाळी उघडली.
शेवटच्या थंडीत तिच्या अंगावर असायची ती राखाडी शाल. वर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. आणि मधोमध डाग.
नाकाशी धरली. तिचा वास गेला होता. नुसता कुबट.

बाबांना दाखवली. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला.

"आत्याआजी रागावली असती ना?"

"रागावली असती. वर्षभर ऐकवलं असतं तुला."
मग शालीचं एक टोक माझ्या हातात दिलं.
"धर. दुमड."

तीच शाल पांघरून हे लिहितेय. डाग आत आहे. कुणाला दिसत नाही. मला माहीत आहे तो कुठे आहे.

आत्याआजी, पुढच्या होळीला प्रत्येक मूठ वाजवीन. तळाचीसुद्धा.

नमस्कार करते. सुखात राहा.