गाडीला घर ठाऊक नसतं

नातवाच्या नव्या मोटारसायकलीपुढे आज नारळ फुटला. पाणी गरम इंजिनावर चर्र झालं, त्यात पेट्रोलचा वास मिसळला आणि मी महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हाच्या खोपोलीत जाऊन उभा राहिलो.

लष्कराने मोडीत काढलेल्या मोटारसायकली आंब्याखाली विकायला मांडल्या होत्या. मी कारखान्यात पाळीला पाळी जोडून तसाच आलो होतो. डोळ्यांवर इतकी झोप होती की सकाळचं ऊनही मधासारखं सांडलेलं दिसत होतं. त्या गुंगीत सगळ्यात मोठ्या गाडीवर माझा जीव जडला. हॅट घातलेला दलाल छाती काढून म्हणाला, "साहेब, हिनं जर्मनला पळवलं!"

"मंग दमली आसंल ती," सोबत आलेले वडील म्हणाले. ते शेतकरी, बाजारात बैल पारखावा तसे गाडीभोवती फिरले आणि माझ्याकडे वळले. "गाडीवान झोपला तरी बैल त्याला घरी आणतो रं. हिला आपलं घर ठावं हाय का?"

दलाल हसला, मीही हसलो. पण घेतली ती लहान, संथ गाडी, पडली तर एकट्याला उचलता येईल अशी.

पुढे जादा पाळी करून सकाळी परतलो, की वडील गावच्या फाट्यावर उभे असत. लोकांना गाडी दाखवायची हौस, असं मी समजायचो.

आज पूजा होताच नातू त्या नव्या गाडीवरून पाळीला गेला. आत चहा गार झालाय म्हणतात. मी अजून फाटकातच आहे.