लाल दिवा, चाकणच्या अलीकडे

मी एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की कारण सापडतंच, आज नाही तर उद्या — असं मानणारा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी कँटीनमध्ये ऐकल्या, हसलो, सोडून दिल्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लेक म्हणाली, "बाबा, लिहाच."

आम्ही मोशीत राहतो. गाडी रेखाची, माझ्या बायकोची. तळवड्याला तिचं ऑफिस, रोज स्वतः चालवत जायची. मी बाइकवाला, गाडीत कायम तिच्या शेजारी. डॅशबोर्डवर काही पेटलं की मी म्हणायचो, "सेन्सर असेल गं, चल." त्यावर तिचं ठरलेलं — "अहो, पिवळा असला तर घरी जाऊन बघू. लाल पेटला की थांबायचं. वाद नाही." आणि खरंच थांबायची.

कॅन्सरनं ती गेली. गाडी बिल्डिंगखाली धूळ खात राहिली. विकवेना. शेवटी मी क्लास लावून चालवायला शिकलो. डॅशबोर्डवरच्या मीटरचा काटा अडकला होता, तो मीटर भोसरीत एकाकडून दुरुस्त करून आणला. सीट अजून तिच्या मापाची होती. ती मागे सरकवायला मला बराच वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी आणि लेक सई भीमाशंकरला निघालो. रेखाला फार जायचं होतं, राहून गेलं. इंद्रायणीचा पूल ओलांडला, कंटेनरांच्या रांगेतून चाकणच्या दिशेनं चाललो होतो. शेजारून सई म्हणाली,

"बाबा, ते लाल काय पेटलंय?"

मीही पाहिलं. गोलात उद्गारचिन्ह. लख्ख. हँडब्रेक ओढलेला राहिला की हा दिवा लागतो, एवढं क्लासमध्ये सांगितलेलं. हात लावून पाहिला — हँडब्रेक खालीच. पेडल दाबलं, ब्रेक नेहमीसारखा लागला.

"सेन्सर असेल," तोंडातून निघालंच.

सई हळूच म्हणाली, "आई थांबली असती."

भीती नाही वाटली हो. उलट खूप दिवसांनी घरात कुणीतरी हक्कानं रागावलंय असं वाटलं... डोळे भरून आले. वेग कमी केला, डावीकडे घेतली आणि पहिलं गॅरेज दिसलं तिथे थांबलो.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली दाखवली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं.

"पॅड झिजले की ऑइल थोडं उतरतं, साहेब. पण हे लईच उतरलंय. कुठंतरी गळतंय."

"वरून भरून निघू का?"

"भरून काय उपेग? गळायचं ते गळणारच." तो मागच्या चाकाशी बसला. चाक काढल्यावर आतला भाग ओला निघाला. "कुठं निघाला होता?"

"भीमाशंकर."

त्यानं एकदा सईकडे पाहिलं. "येताना उतार हाय. मधीच पेडल खाली बसलं असतं तर... बरं झालं थांबला. कळलं कसं पण?"

"लाल दिवा लागला ना."

"व्हय, ऑइल उतरलं की बी त्योच लागतो."

दुरुस्ती झाली. दिवा तपासायला त्यानं चावी फिरवली. बाकीचे दिवे लागले, हा नाही. हँडब्रेक ओढला, तरी नाही. मग त्यानं मीटर खोललं, मागची बाजू माझ्यापुढे धरली.

"साहेब, ह्यात बल्बच न्हाई."

तिथली जागा रिकामी होती. मीटर दुरुस्त करताना कुणीतरी बल्ब काढला असणार आणि बसवायचा राहिला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी ही गाडी चालवायला लागल्यापासून आजच्या आधी हा दिवा एकदाही पेटलेला पाहिला नव्हता. हँडब्रेक ओढूनसुद्धा.

"ऊन चमकलं असंल," तो म्हणाला. पण त्याचं त्यालाच पटलेलं दिसलं नाही. आम्ही दोघांनी पाहिलं होतं. थांबेपर्यंत तो पेटलेला होता.

नवा बल्ब बसवून घेतला. भीमाशंकरला पुढच्या रविवारी गेलो, सुखरूप आलो.

मी शोधायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. त्याच रस्त्यानं, तशाच उन्हात पुन्हा गेलो. कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, "बल्ब नाही तर उजेड नाही, भाऊ." मलाही एवढंच कळतं.

मध्ये एकदा कामावरून आलो आणि पार्किंगमध्येच बॉनेट उघडून उभा राहिलो. ऑइल भरलेलं होतं. मनात आलं, थोडं काढावं का? लगेच स्वतःची लाज वाटली. दिवा लागला असता, पण नव्या बल्बमुळे. त्यात रेखा कुठून आली असती?

सई जिन्यावरून खाली आली. माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. शेजारी उभी राहिली आणि म्हणाली,

"बाबा, आता गाडीत सगळं नीट आहे ना... म्हणून येत नसेल ती."

मी बॉनेट लावलं. आम्ही दोघं गाडीत जाऊन बसलो. कुठे जायचं नव्हतं.