शेळ्या बसू द्या, माणसं उतरवा

आमच्या दाजींइतका भित्रा ट्रक ड्रायव्हर अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो दाजींकडूनच गाडी शिकलेला निघेल. बहिणीचा नवरा म्हणून हा माणूस मी वीस वर्षं सोसला. मी ऊसतोडीचा मुकादम. दसरा झाला की माणसं, भांडीकुंडी, शेळ्या, सगळं दाजींच्या ट्रकमध्ये कोंबून आम्ही युसूफ वडगावहून कारखान्याकडं निघायचो. तिथं आधी पोचेल त्या टोळीला पाण्याजवळची जागा मिळते. उशिरा येणाऱ्यांच्या बायका पुढचे पाच महिने दोन शेतं ओलांडून हंडे वाहतात. पण हे दाजींना सांगणार कोण? ते सकाळपासून लाकडी दांडका घेऊन टायर ठोकत बसलेले. दहाचे दहा. प्रत्येकाला कान लावून असे ऐकायचे, की टायर आता खोकणार असं मलाच वाटायचं. गाडी मागं घ्यायची तर आधी उतरून मागची जागा पायी बघून येणार, उघड्या माळावरसुद्धा. पुढच्या गाडीपासून अंतर इतकं, की मधे कळप चरून घरी जावा. एकदा तर एक वरात आम्हाला मागं टाकून गेली. पायी, आणि नाचत!

खरा तमाशा मात्र मांजरसुंब्याच्या घाटाच्या तोंडाशी. तिथं दाजी गाडी थांबवायचे, चाकाखाली दगड सारायचे आणि पुकारा करायचे, "उतरा! समदे उतरा! शेळ्या बसू द्या." मग चाळीस माणसं घाट पायी उतरणार, आणि मागून दाजी पहिल्या गिअरात घुर्रघुर्र करत, म्हातारी जिना उतरते तसे. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा त्यांचा कायदा. शेजारच्या टोळीचा ड्रायव्हर न्यूट्रलमध्ये सुसाट जाताना ओरडायचा, "काय बे मुकादम, पायी कावून? ट्रक इकला काय?" मी लाजेनं टोपी डोळ्यांवर ओढायचो.

एकदा चिडून विचारलं, "ओ दाजी, एवढी भीती हाय तर शेळ्या कावून ठिवता वर?"

"शेळ्याच्या घरी जाऊन मला तोंड दाखवायचं न्हाई, पाव्हणं."

अशा माणसाशी काय बोलायचं!

गेल्या वर्षी त्यांना मैलाचा दगड नीट वाचता आला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी स्वतःच जाऊन डोळे तपासून आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "आता माझ्यावर भरोसा ठिवू नका." मी तोंड पाडलं आणि मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

यंदा नवा ड्रायव्हर आणला, वाऱ्यासारखा. घाटाच्या तोंडाशी त्यानं गाडी न्यूट्रल केली, आणि मागून फळ्यांवर धडाधड हात पडायला लागले. गाडी थांबली. सगळ्यात आधी माझी चुलती गाठोडं घेऊन खाली उतरली.

"ए म्हातारे, पाण्याची जागा जाईल की!" मी ओरडलो.

"जाऊ दे. हंडा मी वाहते, तू कशाला रडतोस? शेळ्या बसू दे," म्हणाली आणि चालायला लागली. तिच्यामागं सगळी टोळी. चरफडत मीही उतरलो. ड्रायव्हर शेळ्या घेऊन हसत निघून गेला.

घाट उतरताना मी तीनदा मागं वळून पाहिलं. मागून हळू कुणीच येत नव्हतं.