एलिझाचा हेवा

मी निघाले त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही. पुण्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सीत बॅगा चढत होत्या आणि ती गॅलरीतून बाबांना सूचना देत होती, कुकरची बॅग नीट ठेवा म्हणून. टॅक्सी सुरू झाली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "दिवाळीला येशील ना?" जणू मी नाशिकला चालले होते. मी हो म्हटलं. दोन हजार एक साल होतं, मुलं अजून जन्मायची होती.

ऑकलंडमध्ये आमच्या हिल्सबरोच्या घरापासून गाडीनं जाण्याइतक्या अंतरावर एक जुनं गाव जपून ठेवलंय. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेहून आणून वसवलेल्या शिपायांची घरं आणि भोवती लाकडी खांबांचा कोट. काही रविवारी तिथली माणसं जुने कपडे घालून त्या काळातलीच असल्यासारखी वागतात. सई सात वर्षांची होती तेव्हा तिला आणि धाकट्या ओजसला घेऊन आम्ही गेलो. अविनाश, माझा नवरा, त्या कोटाला किल्ला म्हणायलाच तयार होईना. सिंहगड चढलेला माणूस तो. आमच्या सोसायटीचं कंपाउंड याहून उंच होतं म्हणाला आणि ओजसला घेऊन तोफ बघायला गेला.

सई आणि मी एका खोपटात शिरलो. तिथं एका शिपायाची बायको एलिझा, तिचं सोंग घेतलेली बाई लोणी काढत होती. घरी मी सुपरमार्केटचं क्रीम विरजून लोणी काढते तेव्हा वास येतो म्हणून नाक मुरडणारी माझी लेक इथं रांगेत उभी राहिली. घुसळायचा दांडा हातात मिळाल्यावर तर ती तिथून हलेचना.

मग एलिझा सांगायला लागली. जहाजावरचे महिने, वाटेत दगावलेलं बाळ, धक्क्यावर मागे राहिलेली आई. सई ऐकत होती. तुला आईची आठवण येते का, आई पत्र पाठवते का, रडू आलं तर काय करतेस, एकामागून एक प्रश्न. सईचे डोळे भरून आले आणि तिनं त्या बाईचा हात धरला.

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. ती बाई चार वाजता तो झगा उतरवून स्वतःच्या गाडीनं आईकडे जेवायला जाणार असेल. खरी देश सोडून आलेली बाई तर इथं उभी होती, खांद्याला थेपल्यांची पिशवी लावून. मी आले तेव्हाच्या गोष्टी सांगायला लागले की सई टीव्हीचा आवाज वाढवते. तिकडे राहिलेल्यांना सांगून कळणार नाही, पण इकडे आलेल्यांनो, तुमच्या पोरांनी तरी कधी विचारलंय का?

परतताना गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, "सई, मीपण आईला सोडून आले गं. माझ्यासाठी नाही रडलीस कधी."

तिनं खिडकीतून मान वळवली. "बट आई, यू कॅन गो बॅक. एलिझा कान्ट." आणि थोडं थांबून, अगदी साधेपणानं, "देन व्हाय डोन्ट यू?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न अखेर आला. रजा, तिकिटं, तुमच्या शाळा, नवीन घराचं मॉर्गेज, हे सगळं मी दर दिवाळीला आईला फोनवर सांगतेच. तेच सईला सांगायचं जिवावर आलं, म्हणून पिशवीतला थेपला काढून तिच्या हातात दिला.

एलिझाचा हेवा अजून वाटतो, पण आता वेगळ्या कारणासाठी. तिला परत जाता येत नव्हतं, म्हणून तिच्यावर कुणी रुसलं नसेल. मला कुणी घर कुठे विचारलं तर मी हिल्सबरोचा पत्ता सांगते. मनात मात्र माहीत असतं की हिल्सबरोला मी नुसती राहते. घर ते, जिथं का गेले नाही याची कारणं मला अजून द्यावी लागतात.