वास नसलेला समुद्र

सगळ्यात आधी आमच्या भिंतीपलीकडच्या बाई. सौंदडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. "माझं नाव लिवशीन तं ओसरीवर पाय ठेवू नोको," असं त्यांनी बजावलंय, म्हणून नाव गाळते. पण दहावीच्या मराठीत मी सुटले ती त्यांच्यामुळे. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं मी एका गुरुजींची चेष्टा करणार आहे, आणि माझ्यासारख्या आठवीत शाळा सुटलेल्या बाईनं गुरुजनांची चेष्टा करताना कुणाचा तरी हात डोक्यावर असलेला बरा असतो. लिहिताना अजून धाकधूक होते.

मी मूळची वेंगुर्ल्याकडची, मासे पकडणाऱ्या घरातली. नवरा इकडचा. तिकडं आंब्याच्या कारखान्यात कामाला आला, तिथं जमलं, आणि महाराष्ट्राच्या एका टोकावरून मी पार दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यात, येऊन पडले. त्याचं कोहमाऱ्याला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. मी नवेगाव बांधला मुलींच्या वसतिगृहात रोजंदारीवर पोळ्या लाटायची. तिथल्या मॅडमनी सांगितलं होतं की मदतनिसाची जागा यंदा निघते आहे, दहावी झालीस तर तुला कायम घेऊ, पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. मी बाहेरून परीक्षा दिली. गणित सुटलं, इंग्रजीसुद्धा सुटलं. मराठी राहिली.

गणितात नापास झालेल्याला लोक धीर देतात. मराठीत नापास झालेल्या मराठी बाईला कोण काय म्हणणार? सासू म्हणाली, "आमाले तं तू का बोलून रायली ते पयलेपासूनच समजत नोहोतं."

त्याचं झालं असं. कोहमाऱ्याच्या चौकात एका टायरच्या दुकानाच्या माडीवर एक क्लास चालायचा. तिथले सर निबंधासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. विषय शोधायचा, त्यावर विचार करायचा, असला उद्योग त्यांना मान्य नव्हता. ते म्हणायचे, "निबंध सुचत नसते, रोवला जाते." धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, आधी एका वाफ्यात वाढवतात, मग उपटून हव्या त्या बांधीत, म्हणजे खाचरात, रोवतात; निबंधाचंही तेच. एक उतारा सूर्यास्ताचा, एक आईचा, एक झाडांचा, एक विज्ञानाचा, वर म्हणींची मूठभर पेरणी. हे पाठ करायचं. मग बांधी कुठलीही येवो.

नमुना म्हणून त्यांनी 'मी पाहिलेला अपघात' वाटला होता. त्यात ट्रक उलटतो तेव्हा पश्चिमेला सोनेरी किरणांची उधळण चाललेली असते. जखमी ड्रायव्हरला प्रथम आई आठवते, आणि आई म्हणजे काय ते पानभर आठवते. ट्रक ज्या झाडावर आदळला ते झाड पर्यावरणाचा संदेश देतं. रुग्णवाहिका येते तीसुद्धा आधी विज्ञानाचे उपकार सांगून. माणूस जगला की मेला, ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याला गुण नसतात.

सरांचा सूर्यास्त समुद्रावरचा होता. मखमली वाळू, लाटांचं मंजूळ गान, क्षितिजावर होडी. वर्गातल्या पोरापोरींनी बांध, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि तलाव पाहिलेले. समुद्र कुणीच नाही. मला वाटलं, चला, एका विषयात तरी आपण पुढं आहोत. मी घरून समुद्राची संध्याकाळ आपल्या मनानं लिहून नेली. सुकत घातलेल्या तारल्यांवर, त्या बारक्या मासळीवर, कावळे कसे झडप घालतात, तो वास केसांत कसा मुरतो, लग्नाला जायचं तरी कसा जात नाही, मिठानं आईच्या बोटांच्या पेरांना कशा चिरा पडायच्या आणि त्याच हातांनी ती मला कसं थोपटायची.

सरांनी ते नाक चिमटीत धरून मोठ्यानं वाचलं.

"मॅडम, हे का आहे? समुद्र असा नसते."

"सर, मी तिथलीच आहे."

"तुम्ही असान तिथल्या. निबंधातल्या समुद्राले वास नसते."

"सर, तुम्ही पाहिलाय समुद्र?"

"पाहाची का गरज? इतके वर्षं शिकवून रायलो ना!"

वर्ग हसत सुटला. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "काकू, सुकट आणली का?" तेव्हापासून माझं नाव समुद्रवाली काकू. मी कागद परत घेतला. ज्याची शाळा अर्ध्यात सुटली त्याला खडू धरलेला माणूस बरोबरच वाटतो. मी घरी जाऊन बिनवासाचा समुद्र पाठ केला. ज्या समुद्रात माझा बाप रोज उतरायचा, तो मी कोहमाऱ्याच्या झेरॉक्सवरून शिकले.

परीक्षेत विषय आला 'मी पाहिलेली जत्रा'. आम्ही सगळ्यांनी रोवणी केली. पाळणे फिरत होते, जिलबी तळली जात होती, आणि शेजारी समुद्रात सूर्य बुडत होता. माझ्या पुढच्या बाकावर बुडाला, मागच्या बाकावर बुडाला. पेपर तपासणाऱ्यानं त्या गठ्ठ्यात एकामागून एक सूर्यास्त पाहून नकाशा काढला असेल, की गोंदिया जिल्ह्याला समुद्र लागला कधी?

निकालानंतर मी बाईंच्या ओसरीवर जाऊन बसले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "काऊन वं सूनबाई, तोंड उतरवून रायली?" मी सांगितलं. म्हणाल्या, "म्हणून दाखव तो निबंध." मी घडाघडा म्हणून दाखवला. सूर्य बुडाला.

"मंग?"

"मग काय, बुडाला."

"तू कुठं होतीस?"

"मी नव्हतेच त्यात."

"तं लिवलं कायले? बरं, मले तुहा समुद्र सांग. तोंडी."

मी तारल्यांपासून सुरू केलं. दर वाक्यानंतर बाई सूप हलवायच्या आणि म्हणायच्या, "मंग?" आई भल्या पहाटे टोपली घेऊन निघायची. मंग? एस.टी.त वासामुळं तिला कुणी शेजारी बसवून घ्यायचं नाही. मंग? मग ती उभ्यानं जायची, आणि तिकीट मात्र पूर्ण. मंग? कंडक्टरशी रोज भांडायची. इथं बाईंचं सूप थांबलं.

"हे निबंधात काऊन नाही?"

"सर म्हणाले, समुद्राला वास नसतो."

बाई इतक्या हसल्या की मांडीवरचे तांदूळ सांडले. मग ते मलाच वेचायला लावले. वेचता वेचता मला जे शिकवलं ते एवढंच: पेपरात चार विषय येतील, त्यातला भारी दिसणारा घेऊ नको, ज्या विषयात तुझं कुणाशी तरी भांडण आहे तो घे. भांडण असलं की माणूस अडत नाही. आणि पहिलं सुचलेलं वाक्य सोडून दे, ते सगळ्यांना सुचलेलं असतं.

पुरवणी परीक्षेपर्यंत दुपारी पोळ्यांचं काम आटोपून मी बाईंकडे जायची. विषय माझा मीच आणायचा, अशी अट. मी आणायची ते ऐकून त्या कपाळाला हात लावायच्या. आमच्या गल्लीतला नळ. सासूचा पानडबा. पंक्चर काढून झाल्यावर गिऱ्हाईक काय काय बहाणे करतं. नळाचा निबंध ऐकून म्हणाल्या, "हा निबंध नाही वं, तक्रार हाये. ग्रामपंचायतीत देऊन ये." आणि लगेच, "पण चालते. मंग?" कधी कधी मला रडू यायचं. त्या म्हणायच्या, "रडणं घरी. इथं पुढचं वाक्य."

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला. विषय पाहिले. पहिलाच 'मोबाईल: शाप की वरदान'. हॉलभर सुस्कारा सुटला, पऱ्हे तयार होते. माझ्याही जिभेवर विज्ञानाचे उपकार येऊन बसले, पेन टेकलंसुद्धा. ही शेवटची संधी, पाठ आहे तेच लिही, निदान पान तरी भरेल, असं मन सांगत होतं. पण माझं मोबाईलशी भांडण नव्हतं. खाली होता 'बाजारातील एक फेरफटका', आणि बाजाराशी माझं जुनं होतं.

नवी नवी आले तेव्हा नवेगाव बांधच्या बाजारात मरळ घेताना मी म्हटलं होतं, तळ्याच्या माशाला चिखलाची चव असते. विकणारी म्हातारी म्हणाली, "आन तुह्या समुद्राच्या मासोळीले का असते? मिठात घातलेला पुठ्ठा!" मग मी सोडते की काय! माझी मालवणी, तिची झाडीबोली, कुणाला काही कळेना, पण बाजार दोन बाजूंना वाटला गेला. समुद्राच्या बाजूला मी एकटी. शेवटी म्हातारीनं मरळ माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, घरी रांधून खा, मग भांडायला ये. हे सगळं मी लिहिलं, वासासकट, आणि मी पुन्हा भांडायला गेले नाही तेही.

पास झाले. आणि पुढच्या आठवड्यात कोहमाऱ्याच्या चौकात माझा फोटो असलेलं बॅनर लागलं: 'रोवणी पद्धतीचे घवघवीत यश'. सरांनी हात जोडलेले, मागं मावळता सूर्य, खाली लाटा. नवऱ्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना ते दाखवलं. मी तरातरा बाईंकडे गेले. त्यांनी माझ्या मोबाईलवरचा बॅनरचा फोटो डोळ्यांशी धरून पाहिला आणि म्हणाल्या, "तोंड कायले फुगवतस? फोटो चांगला आला. त्याचंही पोट हाये."

वसतिगृहात आता मी मदतनीस आहे. पहिल्या पगारातून बाईंना लुगडं नेलं, ते त्यांनी परत केलं. "माझ्याकडे पडून रायले ढीगभर," म्हणाल्या. फी विचारली तर झाडू उगारला. मी मात्र एक गोष्ट हेरून ठेवली आहे. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नागपूरला करायचं आहे, आणि ते त्या पुढं ढकलत राहतात, कारण मुलं पुण्यात, दवाखान्यात जवळ राहायला कोणी नाही. मी सांगून टाकलं, मी राहीन. म्हणाल्या, "तू? अन् तिथं मले निबंध वाचून दाखवशीन का?" बाई, नाही वाचणार. पण ज्या वर्षी तुम्ही हो म्हणाल त्या वर्षी सुट्टी टाकून तुमच्या उशाशी बसेन, डबा करेन, हाताला धरून पहिलं पाऊल टाकायला लावेन. हे माझं देणं आहे आणि ते मी फेडणार.